विकिपीडियाचा श्रीलंका विभाग: लेखाला तीन स्टार, मागच्या भांडणाला पाच

फुकटच्या गोष्टीचा रिव्ह्यू लिहायला बसणारा माणूस रिकामटेकडा असतो, मान्य. पण गेले दोन महिने रोज रात्री जेवण झालं की दीड-दोन तास मी हीच एक गोष्ट वापरतोय, ज्याचे महिन्याला पैसे भरतो ते ॲप तेवढं उघडत नाही, बायको दोनदा येऊन बघून गेली की हा नक्की काय वाचतोय एवढा. तर म्हणलं लिहूनच टाकू.

झालं असं की दिवाळीत श्रीलंकेला जायचं ठरलं. बायकोच्या ऑफिसातल्या दोन फॅमिली आणि आम्ही, कोलंबो, कँडी, नुवारा एलिया, बेंटोटा, सहा दिवसांचं नेहमीचं पॅकेज. आमच्या गल्लीत एक तात्या आहेत, सैन्यातून रिटायर झालेले, ते आयपीकेएफमध्ये होते म्हणजे आपली शांतिसेना गेलेली ना तिकडं १९८७ ते ९० मध्ये, त्यात. त्यांना म्हणलं तात्या, आम्ही श्रीलंकेला चाललोय. तर म्हणाले, "आम्हाला सरकारनं फुकट नेलं होतं." एवढंच बोलून पेपर वाचायला लागले. मग मला कसंतरीच झालं, म्हणलं आपण तिथं जाऊन हत्ती आणि चहाचे मळे बघून येणार आणि तिथं सिंहली बहुसंख्य सरकार आणि तमिळ बंडखोर यांच्यात २६ वर्षं युद्ध झालं त्यातलं आपल्याला ओ की ठो माहीत नाही. प्रभाकरन, राजीव गांधी, संपलं आपलं नॉलेज. म्हणून विकिपीडिया.

सुरुवात 'ब्लॅक जुलै'च्या पानापासून केली. २३ जुलै १९८३ च्या रात्री जाफन्याजवळ तिरुनेलवेली इथं एलटीटीईनं, म्हणजे वेगळा तमिळ देश मागणाऱ्या प्रभाकरनच्या संघटनेनं, ज्यांना 'वाघ' म्हणतात, लष्कराच्या गस्तीवर हल्ला केला, १३ सैनिक मेले, आणि मग कोलंबोत तमिळांची घरं-दुकानं जाळायला सुरुवात झाली, जमावाच्या हातात मतदार याद्या होत्या, वेलिकडा तुरुंगात दोन हल्ल्यांत ५३ तमिळ कैदी मारले गेले. वाचताना अंगावर येतं. पण मेले किती? तर सरकारी आकडा काहीशेच्या घरात आणि तमिळ बाजूचा आकडा ३,००० पर्यंत. माझ्यातला ग्राहक जागा झाला, म्हणलं हे काय, मी आकडा विचारला आणि तुम्ही रेंज दिली, भाजीवाला पण एक भाव सांगतो. लेखाला दोन स्टार देऊन उठणारच होतो.

तेवढ्यात लेखाच्या वर 'टॉक' लिहिलंय तिथं चुकून क्लिक झालं. मराठी विकिपीडियावर त्याला 'चर्चा' म्हणतात. तिथून पुढं माझी झोप गेली ती गेलीच.

ज्यांनी कधी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. विकिपीडियाच्या प्रत्येक लेखामागं एक चर्चापान असतं, जिथं लिहिणारे एकमेकांशी भांडतात, आणि एक इतिहास पान असतं, जिथं कोणत्या मिनिटाला कुणी कुठला शब्द काढला आणि कुठला घातला याची नोंद असते. गावाकडच्या माणसाला एका वाक्यात कळेल, लेख म्हणजे सातबारा आणि इतिहास म्हणजे फेरफार. सातबारा बघून जमीन घेणारा माणूस फसतो, जुने फेरफार काढून बघणाऱ्याला कळतं की १९७२ ला चुलत्यानं कुणाचं नाव कमी केलं. आणि गंमत म्हणजे मराठी विकिपीडियावर सगळ्यांनी मिळून बोलायच्या पानाचं नाव खरोखरच 'चावडी' आहे. ज्यानं कुणी ठेवलं त्याला माझ्याकडून एक कटिंग.

आता श्रीलंकेचं भांडण कसं असतं ते जवळून दाखवतो, नाहीतर नुसतं भारी आहे भारी आहे म्हणून काय उपयोग.

१४ ऑगस्ट २००६. मुल्लैतिवू जिल्ह्यात वल्लिपुनम इथं चेंचोलै नावाच्या आवारावर श्रीलंकेच्या विमानांनी बॉम्ब टाकले, साठेक मुली मेल्या. एवढ्या एका वाक्यात भांडायला किती जागा आहे बघा. 'मुली' म्हणायचं, 'विद्यार्थिनी' म्हणायचं, का 'एलटीटीईच्या भरतीतल्या'? 'आवार' म्हणायचं, 'अनाथाश्रम' म्हणायचं, का 'ट्रेनिंग कॅम्प'? सरकार म्हणालं ट्रेनिंग कॅम्प. एलटीटीई म्हणाली शाळेतल्या मुली शिबिराला आलेल्या. मग युनिसेफचे लोक आणि नॉर्डिक देशांची युद्धविराम बघणारी टीम जाऊन आली, त्यांना तिथं लष्करी काही असल्याचा पुरावा सापडला नाही असं त्यांनी सांगितलं. हे सगळं लेखात येतं, पण प्रत्येक गोष्ट ज्याची त्याच्या नावावर लिहून. नाम कुठलं वापरायचं यावरून माणसं भांडतात हो, क्रियापद तर लांबच. 'मारले गेले' आणि 'मरण पावले' यातला फरक मला शाळेत कर्मणी प्रयोग म्हणून शिकवला होता, इथं तो फरक म्हणजे कोर्टातली साक्ष आहे.

आणि ही भांडणारी माणसं कोण, तर बिनपगारी. कुणी कोलंबोचं, कुणी टोरांटो-लंडनला जाऊन राहिलेल्या तमिळ घरातलं, कुणी तिसऱ्याच देशातला ज्याला फक्त स्वल्पविराम नीट लागतात की नाही याची काळजी. घरं जळालेल्यांची मुलं आहेत, बसमध्ये बॉम्ब फुटलेल्यांचे नातेवाईक असणार, आणि त्यांना एकाच पानावर एकच परिच्छेद लिहायचाय. लग्नाच्या पत्रिकेवर कुणाचं नाव आधी यावरून आमच्यात दोन घरं बोलत नाहीत अजून, त्यामुळं मला तर हे होतंच कसं हेच कळत नव्हतं.

तर २००६ मध्ये परिस्थिती फारच हाताबाहेर गेली तेव्हा यातल्याच काही सिंहली आणि तमिळ आणि इतर मंडळींनी मिळून एक गट केला, नावच 'श्रीलंका रिकन्सिलिएशन', म्हणजे समेट. मला वाटलं आता इथं चार गोड शब्द आणि कबुतरं असतील. तसलं काही नाही. त्यांनी अगदी किराणा दुकानदाराचं काम केलं. बातमी देणाऱ्या सगळ्या दुकानांची यादी काढली आणि प्रत्येकाला लेबल लावलं, हा माल सरळ वापरा, हा माल वापरा पण कुणाचा आहे ते पाकिटावर छापून वापरा, हा माल उचलूच नका. तमिळनेट नावाची वेबसाइट, युद्धाच्या भागातून बातमी बऱ्याचदा तिथूनच यायची पण ती वाघांच्या बाजूची. तमिळ बाजूचे म्हणणार वापरायलाच पाहिजे, सिंहली बाजूचे म्हणणार हात लावायचा नाही. ठरलं काय, तर वापरा, पण प्रत्येक वेळी 'बंडखोरांच्या बाजूच्या तमिळनेटनुसार' असं लिहून. झालं. कोण खरं बोलतंय हे त्यांनी ठरवलंच नाही, कोण बोलतंय एवढं छापायचं ठरवलं, आणि त्या एका लेबलमुळं रोजची किती भांडणं मिटली असतील. मला हे एवढं आवडलं की आमच्या सोसायटीच्या मीटिंगच्या मिनिट्समध्ये पण हेच चालू करावं असं मी सुचवलं, 'वरच्या मजल्याच्या बाजूच्या सेक्रेटरींनुसार टाकी गळत नाही'. कुणी हसलं नाही.

'दहशतवादी' या शब्दाचंही तसंच. एलटीटीईवर भारतानं १९९२ ला बंदी घातली, अमेरिकेनं १९९७ ला यादीत टाकलं, युरोपियन युनियननं २००६ ला. तरी विकिपीडिया स्वतःच्या तोंडानं 'दहशतवादी' म्हणायचं शक्यतो टाळतं, या या देशांनी दहशतवादी ठरवलंय असं लिहितं. पहिल्यांदा वाचून माझं डोकंच फिरलं, म्हणलं राजीव गांधींना मारलं त्यांना मिलिटंट काय म्हणताय, २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला काय झालं ते अख्ख्या जगानं बघितलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा लक्षात आलं की पुढच्याच वाक्यांत सगळं आहे, आत्मघाती हल्ले, लहान मुलांची भरती, १९९० मध्ये उत्तरेतल्या मुसलमानांना हाकलून दिलं ते सुद्धा, सत्तर हजारांवर माणसं, जाफन्यात तर दोन तासांची मुदत. विशेषण नाही लावलं म्हणून काही सुटत नाही त्यातून.

जुन्या काळातलीही भांडणं आहेत, इसवी सनापूर्वीच्या एलार राजापासून, जो तमिळ होता आणि अनुराधपुरावर ४४ वर्षं राज्य केलं म्हणतात, तो 'आक्रमक' का 'न्यायी राजा'? गंमत अशी की सिंहली परंपरेचाच ग्रंथ महावंस त्याच्या न्यायाची स्तुती करतो आणि त्याला मारणाऱ्या दुटुगेमुनूची पण. हा ग्रंथ लिहिणाऱ्या दीड हजार वर्षांपूर्वीच्या भिक्खूला जे जमलं त्यावर आज लोक एकमेकांना ब्लॉक करायला लावतात. यात मी फार खोल गेलो नाही, झोप महत्त्वाची.

सर्व्हिस म्हणून बघायचं तर पंच कोण आणि नियम काय हे पण सांगायला पाहिजे. एका पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं लिखाण उलटवलं की ब्लॉक, हा साधा नियम. काही तापलेल्या विषयांत तर दिवसाला एकदाच. एकाच माणसानं पाच डमी अकाउंट काढून स्वतःशीच सहमत व्हायचं प्रकार चालतात, ते पकडणारे वेगळे लोक आहेत. सगळ्यात वर लवाद समिती, २००४ पासून चालू, लोक त्याला सुप्रीम कोर्ट म्हणतात पण एक मोठा फरक आहे जो मला कळायला आठवडा लागला: ती समिती लेखात काय लिहायचं ते ठरवतच नाही. कोण कसं वागलं एवढंच बघते. म्हणजे बांध कुणाचा ते सांगणार नाही, काठी कुणी उगारली ते सांगेल आणि त्याला शेतात यायला बंदी करेल. आधी वाटलं हा पळपुटेपणा आहे. आता वाटतं बरोबर आहे, दहा-पंधरा माणसांनी, ती पण निवडून आलेली बिनपगारी, बसून इतिहास ठरवायला लागली तर मग काय राहिलं. आर्मेनिया-अझरबैजानवरून त्यांच्याकडं २००७ मध्ये एका वर्षात दोन केसेस झाल्या आणि २०२३ ला तिसरी. इस्रायल-पॅलेस्टाइनच्या पानांवर तर ५०० संपादनं आणि ३० दिवस जुनं खातं असल्याशिवाय हातच लावता येत नाही. आणि पोलंडचं ते ग्दान्स्क शहर, जर्मन त्याला डान्झिग म्हणायचे, त्यावरून इतकी मारामारी की २००५ मध्ये मतदान घेऊन ठरवलं, १३०८ ते १९४५ मधलं लिहिताना डान्झिग आणि बाकी ग्दान्स्क. औरंगाबाद-उस्मानाबादवरून आपल्याकडं काय काय झालं ते आठवा आणि मग हसा.

आता माझं एक निरीक्षण, तुम्हाला पटेल न पटेल. भांडण नसलेल्या पानाला मी आता जास्त घाबरतो. क्रोएशियन भाषेच्या विकिपीडियाचं काय झालं बघा, तिथं प्रचालकांचा, म्हणजे ॲडमिन लोकांचा, एक उजवा राष्ट्रवादी गट बसला, दुसऱ्या बाजूचे लोक कंटाळून गेले किंवा घालवले गेले, आणि वर्षानुवर्षं दुसऱ्या महायुद्धातल्या गुन्ह्यांवर पांघरूण घालणारं लिखाण चालू राहिलं. शेवटी २०२१ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनला त्यावर अहवाल काढावा लागला. तिथं चर्चापानं शांत करून ठेवली होती ना. इंग्रजी विकिपीडियावर सिंहली आणि तमिळ दोघांना एकाच मोरीत भांडी घासावी लागतात म्हणून आवाज होतो. आणि हे मी एकटाच म्हणत नाही, २०१९ मध्ये नेचर ह्युमन बिहेवियर या जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, विकिपीडियावरच्या दोन्ही टोकांच्या राजकीय मतांच्या लोकांनी मिळून लिहिलेले लेख एकाच मताच्या लोकांनी लिहिलेल्यांपेक्षा चांगले निघाले. अमेरिकेतल्या राजकारणाच्या संदर्भातला अभ्यास आहे तो, पण मला आमची गल्ली आठवली.

बरं, आता माझा स्वतःचा अनुभव, जो सांगायची लाज वाटते पण रिव्ह्यू प्रामाणिक पाहिजे.

इतके दिवस मी मजेत होतो. सिंहली काय, तमिळ काय, आपण प्रेक्षक, पॉपकॉर्न घेऊन बसलेलो. मग एका रात्री जाफना हॉस्पिटलचं पान समोर आलं. २१ आणि २२ ऑक्टोबर १९८७, पहिला दिवस दिवाळीचा, आपली शांतिसेना जाफन्यात घुसत होती, हॉस्पिटलमध्ये शिरली आणि डॉक्टर, नर्स, पेशंट मिळून साठ-सत्तर माणसं मेली. लेखाच्या नावातच 'कत्तल' शब्द आहे. मी खुर्चीत सरळ झालो. म्हणलं हे काय लिहिलंय आमच्या पोरांबद्दल, बाराशेच्या आसपास भारतीय जवान मेले त्या बेटावर, परक्याच्या भांडणात, आणि हे कत्तल म्हणतायत? आणि मग जो माणूस दोन महिने दुसऱ्यांना हसत होता त्यानं रात्री साडेबाराला विकिपीडियावर खातं उघडलं.

शांतिसेनेच्या पानावर गेलो आणि एक वाक्य घातलं, की हॉस्पिटलच्या आतून आधी गोळीबार झाला होता आणि हे तिथं असलेल्या सैनिकांनी सांगितलेलं आहे. संदर्भ काय? तात्या. म्हणजे तात्यांनी एकदा गणपतीत गप्पा मारताना असं काहीतरी सांगितलेलं मला आठवत होतं. वीस मिनिटांत वाक्य गायब. माझ्या खात्यावर एक निरोप, अगदी नम्र, स्वागत वगैरे करून, की छापील विश्वासार्ह स्रोत असेल तर जरूर घाला, ओळखीच्या माणसाची आठवण इथं चालत नाही, आणि शिवाय लष्कराची बाजू हॉस्पिटलच्या लेखात आधीपासून आहेच, कृपया तो परिच्छेद वाचावा. मी तावातावानं बघायला गेलो तर होताच. वाघ आतून गोळीबार करत होते, माणसं चकमकीत सापडली, हे भारतीय लष्कराचं म्हणणं, लष्कराच्या नावावर, व्यवस्थित लिहिलेलं. मी शीर्षक वाचून खाली न जाता लिहायला बसलो होतो, दुसरं काही नाही.

मग आपला खवचटपणा म्हणून त्या संपादकाची आधीची कामं काढून बघितली, म्हणलं असणार तमिळ समर्थक. तर आठवड्यापूर्वी त्याच माणसानं दुसऱ्या पानावर भारतीय सैन्याविरुद्धचा एक फुगवलेला आकडा काढून टाकला होता, कारण तेच, संदर्भ नाही. मी लॅपटॉप बंद करून झोपलो. झोप आली नाही तो भाग वेगळा.

त्या हॉस्पिटलच्या प्रकरणाचा बराच तपशील ज्यांनी गोळा केला त्यात जाफना विद्यापीठातले प्राध्यापक होते, आणि त्यांच्यातल्या राजनी तिरनगमा या शरीररचनाशास्त्राच्या डॉक्टर, त्यांनी शांतिसेनेविरुद्ध लिहिलं, श्रीलंकेच्या सरकारविरुद्ध लिहिलं आणि वाघांविरुद्धही लिहिलं. २१ सप्टेंबर १९८९ ला सायकलवरून घरी येताना त्यांना गोळ्या घातल्या, त्याचा ठपका बहुतेक जण एलटीटीईवरच ठेवतात. म्हणजे ज्या स्रोतावर मी रात्री साडेबाराला चिडलो होतो तो स्रोत असा होता. हे मला पान उघडल्यावर दहाव्या मिनिटाला कळलं असतं, जर मी खाली स्क्रोल केलं असतं.

दुसऱ्या दिवशी तात्यांकडं गेलो आणि सगळं सांगून टाकलं. मला वाटलं खूश होतील, पोरगा आपल्या बाजूनं लढला. त्यांनी चष्मा काढला. "अरे मी जाफन्यात नव्हतोच. ते झालं तेव्हा मी बेळगावात. मी गेलो अठ्ठ्याऐंशीला, आणि होतो वावुनियाला, सप्लायवर. मी ऐकलेलं तुला सांगितलं असेल." मग थोडं थांबून, "तू कुणाला विचारून माझं नाव घातलंस?" म्हणलं नाव नाही घातलं तात्या, सैनिकांनी सांगितलं असं घातलं. "मग तर अजूनच वाईट," म्हणाले.

आता तक्रारी, कारण पाचपैकी पाच दिले तर लोक म्हणतील पैसे खाल्ले. लेखाची भाषा भयंकर कोरडी, प्रत्येक वाक्याला चार वकिलांनी हात लावल्यासारखी. युद्धाच्या शेवटच्या महिन्यांवरचा भाग वाचा, २००९, मुल्लिवाइक्काल, समुद्राच्या कडेच्या एका पट्टीत लाखो माणसं अडकलेली, आणि तुम्ही वाचताय आकड्यांमागून आकडे: संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०११ मध्ये ४०,००० पर्यंत नागरिक मेले असू शकतील म्हणलं, २०१२ च्या त्यांच्याच अंतर्गत अहवालात ७०,००० हून जास्त माणसांचा पत्ता नसल्याचा उल्लेख, सरकार तेव्हा म्हणत होतं आमचं धोरण शून्य नागरिक मृत्यूचं. सगळं बरोबर असेल, पण त्या वाळूवर काय वाटत असेल ते या वाक्यांतून कळत नाही. ते कळायला दुसरीकडं जावं लागतं.

दुसरी तक्रार म्हणजे ज्याच्याकडं वेळ त्याचं राज्य. चर्चापानावर खरं बोलणारा जिंकतोच असं नाही, रात्री तीन वाजता पण उत्तर देणारा जिंकतो. चांगले चांगले लोक 'मी थकलो' लिहून गेलेले दिसतात, आणि ते वाचून वाईट वाटतं, कारण तोपर्यंत त्यांची आपल्याला सवय झालेली असते, मालिकेतलं आवडतं पात्र मेल्यासारखं. तिसरी, इंग्रजी स्रोतांना वजन जास्त. सिंहली किंवा तमिळ पेपरातली बातमी लावायला मनाई नाही, पण समोरच्याला वाचता येत नाही मग तो शंका घेतो, मग भाषांतर द्या, मग भाषांतरावर भांडण. आणि ज्यांचं कुणी कधी छापलंच नाही त्या माणसांना इथं जागाच नाही. तात्या चुकीचे निघाले ते सोडा, पण वावुनियाचं त्यांनी मला नंतर जे सांगितलं, ते खरं आहे हे मला माहीत आहे, आणि ते कुठंच जाणार नाही.

मराठीत काय परिस्थिती म्हणाल तर मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, लेख लाखाच्या घरात, करणारी मूठभर मंडळी मनापासून करतात, पण श्रीलंकेच्या युद्धावर मराठीत भांडायला येणार कोण. आपली भांडणं वेगळी. २०२५ च्या फेब्रुवारीत छत्रपती संभाजी महाराजांच्या इंग्रजी पानावरून केवढं उठलं, महाराष्ट्र सायबरनं विकिमीडियाला नोटीस पाठवली, संपादकांवर गुन्हा दाखल झाला. तेव्हा मला आलेल्या प्रत्येक फॉरवर्डमध्ये पानाचा स्क्रीनशॉट होता. चर्चापानाचा एकही नव्हता. मी सुद्धा तेव्हा उघडून बघितलं नव्हतं, फॉरवर्ड तेवढा पुढं पाठवला होता.

वापरायचं कसं ते सांगून थांबतो. लेख पहिल्यांदा वाचू नका. आधी चर्चापान उघडा, वर पिवळट पट्ट्या असतील की हा विषय वादग्रस्त आहे, सांभाळून लिहा, त्या वाचा. मग खाली जुन्या चर्चांचे गठ्ठे असतात, त्यातला सगळ्यात लांब धागा पकडा आणि भांडण कुठल्या शब्दावरून आहे ते बघा. मग लेखात जाऊन तो शब्द शोधा. आता काय राहिलंय आणि काय गेलंय हे दिसलं की लेख एकदम वेगळा वाचता येतो. चहा जवळ ठेवा. रात्री साडेबारानंतर खातं उघडू नका.

तिकिटं झालीत. कोलंबोला पोचलो की पहिल्या दिवशी दुपार मोकळी आहे, ट्रॅव्हल्सवाल्यानं शॉपिंग लिहिलंय. तिथं पार्लमेंटच्या बाजूला शांतिसेनेचं स्मारक आहे, काळ्या दगडावर मेलेल्या जवानांची नावं कोरलेली, एप्रिल २०२५ मध्ये पंतप्रधान जाऊन आले तेच. तात्यांना ते माहीत होतं. परवा रात्री घरी आले, कालनिर्णयच्या मागच्या पानाचा तुकडा फाडून आणलेला, त्यावर एक नाव, एक नंबर आणि सातारा जिल्ह्यातलं एक गाव. म्हणाले फोटो काढून आण. मी म्हणलं हो तात्या, नक्की. दारापर्यंत गेले आणि परत वळले.

"स्पेलिंग बघ नीट. चुकलं असलं तरी तसाच फोटो काढ, पण मला सांग."